बोरूची काडी

ऑगस्टमध्ये लेसोथोच्या डोंगरात
बर्फ दिवसा पाझरतो, रात्री पुन्हा काच होतो.
तट्टं ती काच नालांनी फोडत चालली होती.
मे मापुसेलेत्सो पुढे, मागे मी,
पाठीशी लशींचा डबा,
डोक्यात परीक्षेसाठी घोकलेली यादी:
गोवर, आधी डोळे लाल, मग पुरळ.
घटसर्प, घशात राखाडी पापुद्रा, ओढून काढू नये.
कांजिण्या...
मेंढवाड्यापाशी तिनं लगाम खेचला.

"ऐक."

मला फक्त मेंढ्या ऐकू आल्या.
मग एक पोरगा खोकला.
एका दमात दहा, बारा, पंधरा वेळा,
गुडघ्यांवर हात टेकून, घोंगडीसकट हलत.
शेवटी हवा आत ओढताना
कोरड्या हातपंपाचा आवाज.
"डांग्या खोकला," मी म्हणाले. यादीतला सातवा.
खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.
तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.
ती पाहत होती झोपडीच्या दाराकडे,
दारावरच्या गवतात खोचलेल्या बोरूच्या काडीकडे.

काडी दिसली की आमच्यात पाहुणा बाहेरच थांबतो.
काडी म्हणजे आत ओली बाळंतीण.
काडी म्हणजे वाटेवरची धूळ घेऊन आत येऊ नका.
पण घरच्या माणसाला काडी अडवत नाही.
मोहाउ रोज संध्याकाळी मेंढ्या कोंडून
त्याच दारातून आत जायचा,
बाळाच्या कपाळाला नाक लावायचा.

दाराबाहेरूनच तिनं आत्याला विचारलं,
"बाळ खोकतं का?"
"छे! फार शांत आहे. रडतसुद्धा नाही."

'शांत' ऐकताच तिनं तोंडाला फडकं बांधलं.
"काडी राहू दे तिथेच," म्हणाली,
"पण मला आत यावं लागेल."

तान्ह्याला तो हातपंपाचा आवाज येत नाही,
हे माझ्या यादीत नव्हतं.
तेवढा जोरच नसतो त्याच्या छातीत.
तान्हं फक्त थांबतं.

सोळा दिवसांचं, अजून बिननावाचं,
आईच्या मांडीवर. "झोपलंय," ती म्हणाली.
ओठ शाईत बुडवल्यासारखे.
मे मापुसेलेत्सोनं त्याला कुशीवर घेतलं, डोकं जरा खाली,
रबरी फुग्यानं चिकटा ओढला,
तळव्याला टिचकी मारली.
"मोज," मला म्हणाली. "मोठ्यानं."
सात. आठ. नऊ.
अकराला छाती हलली.

मग रात्रभर तेच.
चूल बाहेर काढली, धूर नको म्हणून.
दूध पिळून चमच्यानं, उबळ येऊन गेल्यावर, आधी नाही.
औषधाचे थेंब, आईलाही गोळ्या.
मध्येच ती माझ्या तोंडाकडे बघायची.
तिचं नाव मामोहाउ: मोहाउची आई.
खोकला कुठून आला, तिला कोणत्या तोंडानं सांगू?

मोहाउला आत्याच्या झोपडीत ठेवलं होतं.
पहाटे औषध द्यायला गेले, तर भिंतीकडे तोंड करून विचारलं,
"मीच दिला ना त्याला?"
मला उत्तर सुचेना. मागून मे मापुसेलेत्सो म्हणाली,
"तुझ्याकडे तो वस्तीला आला होता, पोरा.
कुणाकडून आला, तेही शोधायचंय. ऊठ, गोळी घे.
कुठल्या कुठल्या कुरणात गेला होतास, सांग."
तो बोटांवर कुरणं मोजू लागला.

उजाडताच निघालो. दवाखाना चार तासांवर.
बाळ आईच्या घोंगडीत, छातीला बांधलेलं,
मी तट्टाच्या बाजूनं पायी, एक हात त्याच्या पाठीवर.
वळणावरून पाहिलं:
झोपडी रिकामी, काडी तशीच,
आणि मोहाउ दारापाशी,
पाहुण्यासारखा बाहेर थांबलेला.

नालांच्या आवाजात श्वासांचा हिशोब चुकत होता.
चुकला की पुन्हा एकपासून.